सहा टाक, एकच ताम्हण

नगर स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली तेव्हा सासूबाईंनी मला मेतकुटाचा डबा दिला, लोणच्याची बरणी दिली, यांच्या मफलरची गाठ नीट केली. देव मात्र दिले नाहीत. माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मी तांदळाच्या डब्यात ठेवून नेत होतेच. पण घराण्याचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबा, भवानी आणि कुणा पूर्वजाचा वीर, थोरल्या जाऊबाईंकडे राहिले. "देव थोरल्याच्या घरी. धाकट्यानं कुळाचाराला यावं, पाया पडावं," सासूबाई म्हणाल्या. शेजारी जाऊबाई, सुमनवहिनी, नुसत्या हसल्या. ते हसू मी दिल्ली येईपर्यंत मनात घोळवत बसले.

जे मागे राहतात, त्यांना वाटतं गेलेल्यांची चैन. दिल्लीत लक्ष्मीबाईनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजारी तमिळ, वर पंजाबी, समोर बंगाली, आणि प्रत्येकाच्या घरात त्यांचे त्यांचे देव. माझ्या फडताळात नुसते अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. चंपाषष्ठीला नगरला वहिनींच्या हातचं भरीत-रोडगा टाकांपुढे जायचा, सगळं गणगोत जमायचं. मी इथं गॅसवर वांगं भाजायचे आणि एकटीच चिडायचे. खोटं कशाला बोलू? झिजून नाक-डोळेसुद्धा न उरलेल्या त्या तीन पत्र्यांसाठी माझा नुसता जळफळाट व्हायचा. वहिनींच्या पैठणीकडे मी कधी ढुंकून पाहिलं नाही.

"आम्हालाही वेगळे टाक करू द्या," असं एकदा म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "सरकारी क्वार्टरात देव बसवू नयेत. बदली झाली की त्यांनी काय तुमच्या ट्रंकांवर बसायचं?"

मग दिवस पालटले. यांनी सरकारी नोकरी सोडून प्रायव्हेट कंपनी धरली आणि आम्हाला नोएडात फ्लॅटचं पझेशन मिळालं. चहूकडे अर्धवट बिल्डिंगा, मधे सरसोंची शेतं, लाईट दिवसभर गुल. पण भिंती आपल्या. त्याच आठवड्यात एसटीडी बूथवरून नगरला फोन लावला. आता सासूबाईंना नाही म्हणता येईना. "नवे टाक करा, इकडे आणा, जुन्या देवांना भेटवा, एकत्र अभिषेक होऊ दे, मग न्या," त्या म्हणाल्या. आमच्याकडे नवा देव जुन्याला भेटल्याशिवाय बसत नाही.

करोल बागेतल्या सोनारानं लक्ष्मी-गणेशाची नाणी पुढं केली. खंडोबाचं वर्णन केलं तर म्हणाला, "घोड़े पर कौन से भगवान, मैडम? कोई राजा होंगे." शेवटी काम नगरच्या आमच्या सोनाराकडेच गेलं, कारण ठसे त्याच्याकडे होते. आणि काम सांगायला गेल्या सुमनवहिनी.

आम्ही नगरला पोचलो. देवघरात पाहते तर लखलखीत सहा टाक. तीन आमचे, तीन त्यांचे. जुने कुठं गेले?

"झिजले होते गं. तीच चांदी वितळवून नवे करून घेतले, त्याच ठशातले. आईंना विचारूनच," वहिनी म्हणाल्या. आणि मग खरं काय ते तोंडातून निघालंच, "तुझे चकचकीत येणार, आणि माझेच तेवढे काळवंडलेले दिसणार होय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं जीव जाळला, ते या बाईनं माझ्या नव्या टाकांच्या हेव्यापोटी भट्टीत घातले होते. पण दुसरीकडे एक गुदगुलीही झाली. म्हणजे वहिनींच्याही पोटात दुखतं तर!

गुरुजींनी सहाही टाक एकाच मोठ्या ताम्हणात ठेवले. वहिनींचे डावीकडे, माझे उजवीकडे. दूध, दही, मध, पाण्याची धार, मंत्र. आम्ही दोघी डोळे मिटून, हात जोडून. प्राणप्रतिष्ठा झाली. सासूबाईंनी उठून सगळे टाक उचलले, पुसले, लाल कापडावर एका ओळीत मांडले. मग डावे कुठले नि उजवे कुठले? ठसा एक, सोनार एक, चकाकी एक. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार.

"आई, त्यातले जुन्या चांदीचे कुठले?" वहिनींनी विचारलं.

"देवांना ठाऊक आहे कुणाकडं जायचं ते," म्हणत सासूबाईंनी दोन खंडोबा, दोन भवानी, दोन वीर वेगळे केले आणि एकेक आमच्या पदरात घातला. नंतर तो विषय त्यांनी कुणाला काढू दिला नाही.

तेव्हापासून रोज पूजा करताना वाटतं, माझेच ते जुने. गंध लावता लावता वाटतं, छे, वहिनींनी काहीतरी खूण केली असणार, त्यांनी आपलेच नेले. आता सोसायटीला लिफ्ट आहे, खाली मॉल आहे, माझी मुलगी टाकांना 'सिल्व्हर प्लेट्स' म्हणते. माझा हेवा मात्र होता तिथंच आहे.

सासूबाई गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदाच नोएडाला आल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर येते तो बाई देवघरापाशी. खंडोबा तळहातावर घेऊन वजन अजमावत होत्या. मग उलटा करून पाहिला, पदरानं पुसला, खिडकीच्या उजेडात धरला.

मला राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांत नगरचं माणूस आलं की मी त्याला घर दाखवायचे, मॉड्युलर किचन दाखवायचे, ते "एकदम छान" म्हणून सोफ्यावर बसायचं. आपलं काही इथं असेल म्हणून शोधायला कुणी आलं नव्हतं. नगरच्या थोरल्या सुनेला आपले देव इथं असल्याचा संशय येतो, तेव्हा हे माझं घर झालं म्हणायचं.

वहिनींना चाहूल लागली. त्यांनी गडबडीनं खंडोबा जागेवर ठेवला.

"असू दे वहिनी," मी म्हटलं. "भवानीही बघा. घाई नाही."