नाव न घेण्याचा मान

माझी बायको माझं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत विचारलं तर पासबुक पुढे सरकवते, डॉक्टरांनी विचारलं तर "आमचे हे" म्हणत माझ्याकडे हनुवटी करते. मी वरवर वैतागायचो आणि आतून फुलायचो. भाजीवाल्याचं नाव ती घेते, शेजारणीच्या कुत्र्याचंही घेते, एक माझंच घेत नाही. आमच्या संसारात दागदागिने फारसे नव्हते, पण हा एक मान माझ्या एकट्याचा होता. तो दुसऱ्या कुणाला मिळेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मिळाला तो एका रेजाला. बांधकामावर विटा-गारा वाहणाऱ्या बाईला आमच्या भिलाईत रेजा म्हणतात. मी तेव्हा स्टील प्लांटमध्ये, रेल मिलला होतो. राहायला क्वार्टर होता, पण रिटायर झालं की तो सोडावा लागतो, म्हणून कोहक्यात प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं होतं. बायको शाळेत शिकवायची. शाळा सुटली की ती घराचं काम बघायला जायची आणि तिथंच या बाईशी तिची गट्टी जमली. बाई गोंड, राजनांदगावच्या पुढे महाराष्ट्राच्या हद्दीला लागून जे डोंगर आहेत तिथली. दोघी वाळूच्या ढिगावर बसून एका डब्यात जेवायच्या. क्वार्टरवर मी गार पोळी खात असायचो.

राखीच्या दुसऱ्या दिवशी कोहक्याच्या तळ्यावर भोजली निघते. अंधाऱ्या खोलीत टोपल्यांमधून उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब डोक्यावर घेऊन बायका गात गात जातात आणि तळ्यात सोडतात. त्यातलेच चार कोंब दोन बायकांनी एकमेकींच्या कानामागे खोचले, की त्या जन्मभरासाठी एकमेकींच्या भोजली होतात. सख्ख्या बहिणीच्या वर. आणि मग एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, "भोजली" म्हणूनच हाक मारायची. त्या संध्याकाळी आमच्या हिनं कानामागचे कोंब तसेच ठेवून मला सांगितलं, "आता तिचं नाव नाही घेता येत मले."

"कावून?"

"भोजली झाली ना ते माही. तुमचं घेतो का मी? तसंच."

तसंच! एवढ्या वर्षांचा माझा मान तिनं चार कोंबांत वाटून टाकला. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आयुष्यभर ऐकली होती, पण डोळ्यांसमोर घडताना त्या दिवशी पाहिली. मला हेवा वाटला. बाईचा हेवा वाटला म्हणून लाजही वाटली आणि लाज वाटली म्हणून तिचा आणखी राग आला.

घर झालं, ती गावी परतली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! नवाखाईला, म्हणजे नव्या धान्याच्या सणाला, ही तिकडे जायची, होळीला तिकडून चारोळी, मोहाची फुलं, वरईसारखी कुटकी यायची. "भाटो," ती मला म्हणायची. छत्तीसगढीत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं. "रिसा गे हव का, भाटो?" रागावलात का? मी म्हणायचो, छे, रागावतोय कशाला. चारोळी मात्र खायचो. चारोळीशी माझं काही भांडण नव्हतं.

मग त्यांच्या डोंगरावर ड्रिलिंगची गाडी आली. आधी गाववाल्यांना वाटलं पाण्याची बोअर आहे. मशीन भोकं पाडायचं, दगडाचे लांबट तुकडे पेट्यांत भरायचं आणि पुढे सरकायचं. पाणी काही लागेना आणि कुणी पंपही बसवेना. शेवटी कळलं की युरेनियम शोधून राहिले. त्या भोकांच्या रांगेत भोजलीचं कोदोचं शेत होतं, आणि शेताच्या बांधावर साजाचं झाड, आपण ज्याला ऐन म्हणतो ते. त्या झाडाखाली त्यांचा बडादेव. खाण झाली तर शेत जाणार, देव जाणार, आणि खालच्या नाल्याचं पाणी प्यायचं की नाही हे कुणी सांगायला तयार नव्हतं.

झालं. आमची ही जी त्यात पडली ती पडलीच. शाळेतून तिनं माझ्याआधीच निवृत्ती घेतली होती. हिंदीतले कागद बायकांना वाचून दाखवायचे, त्यांचं म्हणणं साहेबांच्या भाषेत मांडायचं, यासाठी ती तिकडे आठ-आठ दिवस राहू लागली. मी एकदा चिडून म्हटलं, "तुह्या भोजलीले सांग, डोंगर खोदल्याशिवाय देश चालत नाही. आमच्या प्लांटचं लोखंड का आभाळातून पडते?"

ती शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली, "तेच म्हणून राहिली मी. तुमच्या भट्टीत कोणाचा डोंगर गेला, इचारलं का कधी?"

मी विचारलं नव्हतं. माझं डोकं तेव्हा डोंगराकडे नव्हतंच. मी हिशेब मांडला होता तो वेगळाच. खाण झाली तर भोजली मोबदला घेऊन कुठेतरी जाईल, लढाई संपेल आणि माझी बायको माझ्या घरी येईल. हे मी कुणाला बोललो नाही, पण मनात होतं हे खरं.

त्यातच माझ्या रिटायरमेंटचा दिवस आला. आमच्या प्लांटमध्ये महिन्याच्या शेवटच्या तारखेला निरोप देतात. हार घालून, बँड लावून, सहकारी घरापर्यंत पोचवायला येतात आणि दारात बायको ओवाळते. इतरांच्या मिरवणुकीत मी वर्षानुवर्षं नाचलो होतो. त्या दिवशी माझी जीप कोहक्यात पोचली, बँड वाजला, गुलाल उडाला, आणि दाराला कुलूप! ही आदल्या दिवशीच भोजलीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दुर्गला घेऊन गेली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. बँडवाले दोन गाणी जास्त वाजवून थकले तेव्हा ऑटो आली. त्यातून ही उतरली आणि पाठोपाठ काळा चष्मा घातलेली ती. आमच्या साहेबांना वाटलं माझी बहीण असावी. त्यांनी माझ्या गळ्यातला एक हार काढून तिच्या गळ्यात घातला.

त्या समारंभाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मधल्या खुर्चीवर ती, काळा चष्मा, झेंडूचा हार, तिच्या खांद्यावर माझ्या बायकोचा हात. मी कडेला, अर्धा कापलेला. नंतर ती माझ्या खाटेवर झोपली आणि मी सतरंजीवर. पुढे कधी राग थंड पडायला लागला की मी तो फोटो उघडून बघायचो.

काही महिन्यांनी गावात मोठी ग्रामसभा बसली. या वेळी मीही गेलो. बायकोला घेऊनच परतायचं असं ठरवून. साजाच्या झाडापासून थोड्या अंतरावर मांडव होता. गावची माणसं एका बाजूला, ड्रिलिंगवाल्यांचे आणि सरकारचे लोक खुर्च्यांवर. त्यातल्या ड्रिलिंगवाल्या साहेबानं सांगितलं की गावाची संमती आधीच झाली आहे, आधीच्या बैठकीत शेतवाल्यांनी हात वर केले, आणि ही बाईसुद्धा त्यात बसली होती. त्यानं बोट भोजलीकडे केलं आणि बैठकीची तारीख सांगितली. महिन्याची शेवटची तारीख.

भोजली उठून म्हणाली, मी गावात नव्हतेच. साहेब म्हणाला, आता असंच म्हणणार. मग माझी बायको उभी राहिली. "सर, उस दिन ये मेरे घर में थी, भिलाई में."

"कौन थी?"

"मेरी भोजली."

"नाम बताइए, मैडम. भोजली कोई नाम नहीं होता."

तिनं भोजलीकडे पाहिलं. मांडवातल्या बायका हसायला लागल्या, कारण त्यांना कळलं होतं. साहेबाला कळेना. तो म्हणाला, जिचं नाव तुम्हाला सांगता येत नाही ती तुमच्या घरी राहिली, हे मी कसं मानू? बाकीच्यांना त्यानं हातानं थांबवलं. साक्षीदार तुम्ही, तुम्हीच सांगा. बायकोचे ओठ हलले आणि मिटले. एक शब्द उच्चारला की काम होत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. गप्प बसायचं, एवढंच मला करायचं होतं. गप्प बसलो असतो तर संध्याकाळच्या गाडीनं बायको माझ्याबरोबर भिलाईला आली असती, आणि कदाचित कायमची आली असती. पण त्या साहेबाचं बोलणं माझ्या डोक्यात गेलं. ती बाई त्या दिवशी गावात होती म्हणे! मग माझी मिरवणूक कुणी नासवली? माझा हार कुणाच्या गळ्यात पडला? माझ्या खाटेवर कोण झोपलं? इतके महिने जपलेला माझा राग तो माणूस खोटा ठरवत होता. डोंगर, देव, न्याय यातलं काहीही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. मी उठलो आणि त्या बाईचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, मोठ्यानं घेतलं. पहिल्यांदाच घेतलं. इथं लिहीत नाही, कारण हे बायको वाचणार आहे.

"मेरे घर में थी," मी म्हणालो. "मेरी ही खाट पर सोई थी. ये देखिए." आणि फोटो उघडून मोबाईल साहेबाच्या हातात दिला.

फोटोखाली तारीख होती, मागे बॅनरवर माझा निरोपसमारंभ लिहिलेला होता. तो हातोहात फिरला. सरकारी साहेबानं चष्मा काढून पाहिला, ड्रिलिंगवाल्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की ती जुनी बैठक धरता येणार नाही. नवी ग्रामसभा होईल आणि तोवर मशीन बंद. मांडव उठून उभा राहिला. कुणीतरी मांदर वाजवायला घेतला. म्हाताऱ्या बायका माझ्या कपाळाला तांदूळ लावून गेल्या. रेल मिलमध्ये आयुष्य काढलं, एवढा मान मला तिथं कुणी दिला नव्हता.

मी बायकोला म्हटलं, "चाल, बस निघते."

ती म्हणाली, "आता कशी येऊ? नवी सभा लागन. आजूबाजूच्या गावाईले सांगा लागते, बायाईले तयार करा लागते. पोळा होऊ द्या."

"पोळा? मंग मी का खाऊ तोवर?"

"डब्यात कुटकी हाय. भातासारखी शिजवा."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही सगळ्या गावासमोर, मोठ्यानं. मोबाईल मागितला तर तो बायकांच्या घोळक्यात कुठेतरी होता. मिळाला तेव्हा बस हॉर्न वाजवत होती. दोघी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. भोजली म्हणाली, "भाटो, झन रिसाहू." रागावू नका. मी नेहमीसारखंच छे म्हणालो. खिडकीजवळ जागा मिळाली. माझं सामान वर ठेवून, बसून, बाहेर हात काढेपर्यंत दोघी पाठमोऱ्या झाल्या होत्या. माझी बायको हात हलवत काहीतरी सांगत होती आणि दुसरी पोट धरून हसत होती. बस वळणावर गेली तरी मी हात तसाच बाहेर धरून बसलो होतो.