बिनागेअरची गाडी

माझा डावा गुडघा आणि आमच्या जुन्या गाडीचा क्लच दोघंही एकाच सुमारास आडमुठे झाले. क्लच दाबला की गुडघ्यातून अशी कळ निघायची की तोंडून आपोआप शिवी यायची, आणि शेजारी बसलेली बायको म्हणायची, "गाडीत बसल्यावर देवाचं नाव घ्यावं मानसानं." नांदेडला लेकीकडे जाऊन आलो की उतरताना तो पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवावा लागे, आणि गल्लीतले लोक कौतुकाने बघत.

हैदराबादला राहणाऱ्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबा, गाडी विकून टाका. लागलं तर ड्रायव्हर बोलावत जा."

वा रे वा! नोकरीभर मी गिरदावर होतो, म्हणजे महसूल खात्यातला फिरता तपासनीस. शेताचे बांध आणि लोकांचे तंटे मौक्यावर जाऊन पाहायचे, हाच धंदा. निवृत्तीनंतर माझ्या हुकमात राहिलं काय, तर एक स्टेअरिंग. तेही दुसऱ्याच्या हातात देऊन मी मागे पोत्यासारखा बसू? मला ते साफ नामंजूर होतं. म्हणून मी ठरवलं की बिनागेअरची गाडी घ्यायची. क्लचची भानगड नको, सीट उंच पाहिजे, गादी मऊ पाहिजे आणि आदिलाबादच्या मे महिन्यात पाठ गार ठेवील असा एसी पाहिजे. ही गाडी आली तर मी चालवणार, नाही आली तर माझं चालवणं संपलं, इतकं ते सरळ होतं.

बायको नाही म्हणाली.

आता ती गाडीत कशी बसते ते सांगितलं पाहिजे. तिने जन्मात स्टेअरिंगला हात लावलेला नाही, पण गाडी तीच चालवते, तोंडाने. "दुसरा टाका." "आता तिसरा. काऊन रडवून राह्यले तिले?" "चढ आला, खालचा टाका." निर्मल गावाच्या अलीकडच्या घाटात तर गेअरच्या दांड्यापेक्षा तिचं तोंड जास्त हलतं. हा किस्सा मी नात्यातल्या प्रत्येक लग्नात नकलेसकट सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे आणि ती पदर तोंडाला लावून गप्प बसायची. मला वाटायचं, लाजली.

तर नव्या गाडीचं नाव काढताच ती म्हणाली, "गेअरच नाई तं गाडी कायची?" मी समजावलं. मग म्हणाली, पेट्रोल लई पीत असन. तेही समजावलं. मग म्हणाली, एवढी मोठी गाडी आपल्या गल्लीत वळन कशी? मी टेप घेऊन गल्ली मोजून दाखवली. शेवटी म्हणाली, शेजारणीच्या भावाची तसलीच गाडी चढावर मागं आली होती म्हने. शेजारणीला भाऊ नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

साक्षीदार रोज नवं बयान देऊ लागला की समजायचं, खरी गोष्ट त्याने दाबून ठेवली आहे. एवढं तर मी नोकरीत शिकलो होतो. पण हिची खरी गोष्ट कोणती, ते काही हाती लागेना. कंजूष म्हणावं तर लेकीच्या लग्नात खर्च करताना मीच हिचे हात धरले होते.

मग मी एक लबाडी केली. रविवारी सकाळी म्हटलं, "चाल, मंडईतून वांगे घेऊन येऊ." ती पिशवी घेऊन बसली. मी मंडईसमोरून गाडी सरळ पुढे काढली आणि हायवेवरच्या शोरूमसमोर उभी केली.

"इथं वांगे भेटतेत?" तिने विचारलं.

"भेटतेत. बिनागेअरचे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर गाडी वळवून घरी गेला असता. पण आत टाय लावलेला विक्रेता हसत उभाच होता. "चूडंडी आंटी, देखिए, या!" अशा तेलुगू, हिंदी, मराठी तीन भाषांत त्याने तिचं स्वागत केलं. तिने दार उघडलं, आपटलं, पुन्हा उघडलं. मडकं घेताना वाजवून बघतात तसं बोनेट वाजवलं. सीटवर बसली, उठली, परत बसली. "लई मऊ हाय. डुलकी लागन तुमाले," असा शेरा मारला. मी मात्र त्या सीटवर बसलो आणि माझा गुडघा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गप्प झाला. तिथेच माझं मन बसलं, खोटं काऊन बोलू?

चालवून बघायला निघालो. मी स्टेअरिंगवर, ती शेजारी मांडीवर पिशवी घेऊन, टायवाला मागे. गाडी सुरू झाली की नाही तेच मला कळेना. "चालू है अंकल, चलिए," तो म्हणाला. निघालो. काय सांगू! लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी. डाव्या पायाला कामच नाही. शेजारीही गुपचूप, कारण ओरडायला गेअरच नव्हता. मी मनातून जाम खूश. एका गाडीत दोन आराम!

मावला गाव मागे पडलं आणि ती म्हणाली, "डावीकडं घ्या."

"काऊन? रस्ता मोकळा हाय."

"घ्या म्हनते ना!"

गेअर नाही तर आता रस्ता काढला हिने, असं मला वाटलं. मी मुद्दाम मधूनच चालवली. तेवढ्यात उजव्या अंगाने कापसाच्या गाठी लादलेला ट्रक इतक्या जवळून गेला की आमचा आरसा थरथरला. क्लीनरने खिडकीतून हात काढून माझ्या खानदानाविषयी काहीतरी सांगितलं. ते मला हातावरूनच समजलं.

मागून टायवाला घाबरून ओरडला, "अंकल, वो तो कब से हॉर्न मार रहा था."

मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली आणि टायवाल्याला म्हटलं, "भाई, जरा नीचे उतरो. घर की बात है." तो बिचारा उतरून बाभळीखाली जाऊन उभा राहिला.

मग एकेक आठवू लागलं. टीव्ही जुना झाला म्हणून मी बदलला होता, तर नव्याचाही आवाज बारीकच निघाला. फोनवर सगळे पुटपुटतात म्हणून मी सगळ्यांवर चिडायचो. आणि गाडी "रडते" असं ही म्हणायची, तेव्हा ते रडणं मला कधी ऐकू आलं होतं? 

"कवापासून?" मी विचारलं.

"लई दिवस झाले."

"आन मले सांगितलं नाई? मी लग्नालग्नात लोकाइले तुह्यावर हसवून राह्यलो, आन तू..."

"हसू द्या की. लोकाइले मी बडबडी वाटली तं मह्यं काय गेलं?" ती शांतपणे म्हणाली. "सांगितलं असतं तं तुमी त्याच दिवशी चाबी खुंटीले लटकवली असती. मी नाई वळखत का तुमाले? मंग दिवसभर मह्या सैपाकघरात गिरदावरी केली असती. डाळीत पानी किती, तेलाची धार केवढी."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

"जुन्या गाडीत बरं होतं," ती पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत म्हणाली. "गेअरच्या निमित्तानं मले सगळं बोलता येत होतं. हिच्यात गेअर नाई, आवाज नाई. कोन्या निमित्तानं बोलू? म्हनून नको म्हनत होती." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी चालवतानी तुमी चांगले दिसता."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"निमित्त कायले पायजे आता?" मी कसाबसा म्हणालो. "उघड सांगत जा. मी आयकीन."

"पयले कान दाखवा डॉक्टरले."

"दाखवतो."

"खरं?"

"आईशपथ. डॉक्टर म्हनला तं मशीन लावीन. नका चालवू म्हनला तं नाई चालवनार." हे शेवटचं ऐकून तिने माझ्या हातावर हात ठेवला. बाभळीखालचा टायवाला ताबडतोब दुसरीकडे पाहू लागला. "पन घेईन तं हीच गाडी."

"पांढरी नका घेऊ," ती म्हणाली. "धूळ दिसते."

मी टायवाल्याला हाक मारली. तो बसला. मी डावीकडे, उजवीकडे पाहिलं, आरशातही पाहिलं. कडेच्या झुडपांमुळे शेतातून येणारी बैलगाडीची वाट दिसत नव्हती. ब्रेकवरून पाय उचलणार तोच ती म्हणाली, "थांबा. ट्रॅक्टर येऊन राह्यला."

मी थांबलो. झुडपांआडून ट्रॅक्टर निघाला, आमच्या पुढ्यातून वळला आणि गेला. त्याच्यावर मोठ्ठ्याने गाणं लावलं होतं, असं तिने मला सांगितलं.