मस्कतच्या पाटीवर कुणाचं नाव

लीलाबाई खरातला मी पहिल्यांदा पाहिलं ते टँकरपाशी. वाळूजच्या कंपन्यांना लागून रांजणगाव, तिथं कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. पाणी आठवड्यातून एकदा, आणि टँकरवाला नळी सोडायचा ती थेट घरमालकाच्या हौदात. ही बाई नळीवर पाय देऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी खोल्या, मग हौद. मालक उद्या आंघोळ करतील, मरत नाय कुणी." मी तिथं बायका गोळा करून मोर्चा काढायला गेले होते. मोर्चा निघायच्या आधीच खोल्यांमधले हंडे भरून झाले होते.

ती कन्नडकडची. नवरा पुंडलिक एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. ठेकेदार बदलला तसा घरी बसला. तेव्हापासून पत्र्याच्या शेडमधली खानावळ हाच संसार. पहिल्या पाळीची पोरं डबा घेऊन जायची, दुसऱ्या पाळीची जेवून जायची. भाजक्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, भाकरी, ठेचा, आणि रविवारी मटण. सगळे तिला मावशी म्हणायचे.

त्या सगळ्यांत हिमांशू एकच साहेब. तो शिकाऊ इंजिनिअर होता, घर शहरात, ज्योतीनगरच्या फ्लॅटमध्ये. पण पाळी सुटली की रविवारी जेवायला लीलाबाईकडं, कारण त्याच्या घरात मटण चालत नव्हतं. हाताला वास राहू नये म्हणून लिंबू चोळून घरी जायचा. लीलाबाई त्याला लिंबू कापून तयार ठेवायची आणि म्हणायची, "धुवा नीट, नायतर काकू आमच्या नावानं ओरडतील." पुढं तो मस्कतला नोकरीला गेला. तिथून फोन करायचा तर पहिलं वाक्य हेच असायचं, "मावशी, इथं काय खातोय ते विचारू नका."

मग ती दोन वर्षं आली. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ती. खेडी ओस पडत होती आणि शहर फुगत होतं. आमच्या रांजणगावात रोज नवी खोली उभी राहायची आणि त्या खोलीत पाण्याचा थेंब नसायचा. कंपन्यांनी एक पाळी बंद केली. खानावळीतली निम्मी पोरं गावाकडं किंवा पुण्याला गेली. भांडी घासायला पाणी नाही म्हणून लीलाबाई पत्रावळीवर वाढायला लागली.

अशात हिमांशू सुट्टीवर आला आणि म्हणाला, "मावशी, मस्कतला चला. तिकडं आपली माणसं खूप आहेत, आपलं जेवण देणारं हॉटेल एक नाही. मी पैसा घालतो, माझा एक भागीदार आहे. तुम्ही चौघं चला, व्हिसा आमच्याकडं लागला."

चौघं म्हणजे ती, पुंडलिक, पोरगा अभय आणि पोरगी संध्या. अभय कंपनीत ठेक्यावर होता, संध्याची बारावी नुकतीच झाली होती. घरात दोन दिवस बोलणं चाललं आणि ठरलं, जायचं. खानावळ बंद केली. मोठी पातेली दिराकडं कन्नडला गेली. अभयनं काम सोडलं. वस्तीत सगळ्यांना कळलं. आता परतीची वाट ठेवलीच नव्हती.

त्यानंतर एक दिवस हिमांशूनं येऊन मोबाइलवर पाटीचं चित्र दाखवलं. मी तिथंच होते. चित्रात त्याची आई, सरोजिनीकाकू, पैठणी नेसून, नाकात नथ, हातात ताट. वर मोठ्या अक्षरात 'सरोजिनीकाकूंचं स्वयंपाकघर', आणि खाली 'आईच्या हातची चव'.

पुंडलिक म्हणाला, "झकास दिसतंय." अभय म्हणाला, "भारी."

लीलाबाईनं चित्र बघितलं आणि मोबाइल परत दिला. माझं डोकं तापलं. मी म्हणाले, "काय रे, तुझ्या आईनं कधी रविवारचा रस्सा केलाय का? ज्या हाताचं खाऊन लिंबू चोळत होतास त्या हाताची लाज वाटते का तुला?"

"ताई, तुम्ही कशातही जात आणू नका. हे ब्रँडिंग आहे. लोकांना एक चेहरा लागतो."

"मग चेहरा इथं बसलाय की समोर."

"ताई," लीलाबाई मला म्हणाली, "तुमचं झालं असंल तर चहा टाकते." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. मला तिचाही राग आला. वाटलं, बाई टँकरच्या नळीवर पाय देते आणि इथं मान खाली घालते.

हिमांशू निघताना दाराशी थांबला. "भागीदार आलाय मस्कतहून. परवा आमच्या घरी जेवायला बोलावलंय. मावशी, तुम्ही स्वयंपाकाला या. फक्त मटण नको. आईच्या घरात जमणार नाही."

हा भागीदार म्हणजे खाजाभाई. मूळचा आमच्याच शहरातला, शहागंजचा. पोरवयात आखातात गेला, आता मस्कतला त्याची तीन चहाची दुकानं. जागा त्याची, परवाना त्याचा, व्हिसेही त्याच्याच नावावर निघायचे. त्यानं हो म्हटलं तर हॉटेल, नाही म्हटलं तर काही नाही.

त्या जेवणाचं मला संध्यानं सांगितलं. वाढायला तीच होती. पुंडलिकनं मायलेकींना गाडीवरून सोडलं आणि तो खाली पार्किंगमध्ये थांबला. सरोजिनीकाकू चांगल्या वागल्या. आल्याआल्या चहा दिला, त्यांच्या रोजच्या कपात. लोक मला नेहमी हेच सांगतात, ताई, आता कुठं राहिलं तसलं, कप एकच असतो. असतो ना. आता विटाळ कपाला लागत नाही, पाटीला लागतो.

खाजाभाई आला, टेबलाशी बसला. काकू त्याच्या समोर, हिमांशू बाजूला. आत लीलाबाई भाकरी थापत होती आणि एकेक गरम भाकरी संध्या बाहेर नेत होती. खाजाभाईनं आमटीत भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, डोळे मिटले.

"अम्मा, ये तो मेरी नानी के हात का याद आ गया. बस गोश्त की कमी है."

"गोश्त आमच्याकडं नाही करत," काकू हसून म्हणाल्या.

"होटल में तो करेंगे ना?"

"हो, हो, तिकडं करणार," हिमांशू म्हणाला. "सब माँ का ही रेसिपी है."

खाजाभाईनं मान हलवली. पुढचा घास घेता घेता थांबला. आतून आवाज येत होता, थप, थप, थप. त्यानं काकूंकडं बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

"अम्मा, आप तो इदर बैठे. फिर अंदर थाप कौन रया?"

इतका वेळ तो आवाज चालू होता आणि त्या दोघांना ऐकूच आला नव्हता. ज्यांच्या घरात कामाचा आवाज नेहमी दुसऱ्याचाच असतो, त्यांना तो ऐकू येत नाही.

हिमांशू पटकन म्हणाला, "वो? मदतीला बाई लावलीय."

आतला आवाज थांबला.

संध्या सांगते, तव्यावर एक भाकरी होती ती आईनं शांतपणे उलटली, फुगू दिली, गॅस बंद केला. पदराला हात पुसले नाहीत. ती भाकरी घेऊन तशीच बाहेर आली आणि खाजाभाईच्या ताटात ठेवली.

"मी लीलाबाई पुंडलिक खरात. येसर मी भाजलं, वांगं मी केलं, भाकरी मी थापतेय. गॅस काकूंचा, तेवढं त्यांचं. मस्कतला चुलीपुढं मी उभी राहणार. तर पाटीवर माझं नाव पाहिजे आन धंद्यात माझा हिस्सा पाहिजे. नसंल जमत तर ही शेवटची भाकर."

"मावशी, आत चला, आपण नंतर बोलू," हिमांशू उठला.

"आत्ता 'बाई' म्हणालात ना मला?"

काकूंचा चेहरा उतरला. "आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं, लीलाबाई."

"व्हय काकू. म्हणून तर समोर येऊन बोलले, माघारी नाय."

खाजाभाईनं ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. हात धुतले. म्हणाला, "ये घर का झगडा है, मेरेकू नक्को. निपटा लो, फिर बुलाओ. जुमे को मेरी फ्लाइट है." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी रांजणगावला गेले. पुंडलिक उंबऱ्यात बसला होता. मला बघितलं आणि पेटलाच. "आल्या. तुमच्यासारख्यांनीच हिच्या डोक्यात भरवलं. चौघांचा व्हिसा घालवला. आता नाव खायचं का कालवून?"

"मी काय भरवलं? ही कुणाचं ऐकते का?"

अभय भिंतीकडं बघत म्हणाला, "आई, माझ्या जागेवर ठेकेदारानं त्याच दिवशी दुसरा घेतला."

"माहीत हाय मला."

"मग कशाला केलंस?"

मला वाटलं होतं, ती मानाचं बोलेल. मीही मनात तेच भाषण घेऊन आले होते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काकूंची चव म्हणून माझा रस्सा विकायचा. सहा महिन्यांत लोकांच्या तोंडात काकूंचं नाव बसणार. मग वर्षानं म्हणाले, काकूंची चव आता दुसऱ्या बाईला शिकवली, तुम्ही निघा. मग? परक्या मुलखात चौघं कुणाच्या दारात उभं राहायचं? नाव माझं असलं तर मला काढता येत नाय. मला काढलं तर पाटी उतरवावी लागंल."

माझं भाषण मनातच राहिलं. पुंडलिक मात्र हटला नाही. "आन त्यांनी दुसरी बघितली तर?"

"तर बघितली."

तांदळातला खडा तिनं दोनदा उचलला आणि दोनदा परत पाडला.

हिमांशूचा फोन आला नाही. बुधवार गेला, शुक्रवारी खाजाभाईचं विमान. वस्तीतल्या बायका टँकरपाशी विचारायला लागल्या, "काय मग, विमान कधीचं?" त्यातली एक, सरूबाई, म्हणाली, "विमानाला पाणी नसंल मिळालं." बायका हसल्या. लीलाबाईही हसली आणि हंडा अर्धाच भरून घरी आली.

गुरुवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. खाजाभाई एकटाच उतरला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"गोश्त खिलाते क्या?"

लीलाबाईनं अभयला मटण आणायला पिटाळलं. चूल पेटली. संध्यानं मला फोन केला, मी सायकल दामटत पोचले तेव्हा तो खाली मांडी घालून रस्सा ओरपत होता. कपाळावर घाम, नाकाला पाणी. पुंडलिक कोपऱ्यात उकिडवा.

जेवण झालं तसा खाजाभाई म्हणाला, "मैं सीधी बात करता. हिमांशू साहब को छोड़ देते. तुम्हारा नाम, मेरी जगह. आधा तुम्हारा, आधा मेरा. बोलो."

पुंडलिक ताठ झाला. मी तिच्याकडं बघत होते. आम्ही मागितलं होतं त्याहून जास्त तो देत होता. मला वाटलं, हो म्हण, त्या पोराला धडा मिळू दे.

लीलाबाईनं फोन उचलला. आमच्यासमोर नंबर लावला.

"हिमांशूभाऊ, खाजाभाई इथं जेवायला बसलेत. माझ्याशी धंद्याचं बोलतायत. तुम्ही येताय, का आम्ही दोघं ठरवू?"

खाजाभाई आधी चमकला, मग खो खो हसला. "क्या बी औरत है."

मी तिला बाजूला घेतलं. "वेडी आहेस का? अर्धा हिस्सा देतोय तो."

"ताई, एकटा असला की तो मालक. दोघं असले की एकमेकांवर ध्यान ठेवत्यात. आपल्याला मधी उभं राहायला जागा मिळते." मग हळूच म्हणाली, "तुम्ही मागं पासपोर्टचं काय म्हणत होता?"

"कुणाच्या हातात द्यायचा नाही. मालक, भागीदार, कुणाच्याच."

हिमांशू आला तो तोंड पाडूनच. चटईवर बसला. मोबाइल हातात फिरवत म्हणाला, "मावशी, आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. तिला मी काय सांगू?"

"सांगा, मावशीनं ऐकलं नाय."

"चिडून नाही विचारत. खरंच विचारतोय."

"मीबी खरंच सांगतेय. माझी पोरं सगळ्या गल्लीत सांगून बसलीत, त्यांना मी काय सांगू?"

बोलणी तासभर चालली. आवाज चढले, उतरले, खाजाभाई दोनदा चपला घालून उठला आणि दोनदा बसला. शेवटी नाव ठरलं, 'लीलाबाईंची खानावळ'. फोटो कुणाचाच नाही. तिचाही नको, असं तीच म्हणाली. हिस्सा चार आणे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ.

मग हिमांशू म्हणाला, "पण मग चौथा व्हिसा जमणार नाही. तुम्ही स्वयंपाकाला, अभय काउंटरला, संध्या तुमच्या हाताखाली. पुंडलिककाका तिथं काय करणार? पगारी कामाला होतात तेव्हा ते आमच्या हिशोबात होते. आता भागीदार आहात, तर धंद्याला काय परवडतं ते तुम्हीच बघा."

लीलाबाईनं खाजाभाईकडं बघितलं. त्यानं हात पसरले. "ये सही बोल रया. नई दुकान में खाली आदमी नहीं पलता."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. हे पोरगं शिकलेलं होतं, त्यानं बरोबर दुखतं तिथं बोट ठेवलं होतं. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नवरा. पगारी बाई म्हणून गेली असती तर चौघं जाणार होते.

वीस वर्षांत पहिल्यांदा मी लीलाबाईला शब्द शोधताना बघत होते. तिनं पुंडलिककडं बघितलं. चार दिवस हा माणूस तिच्याशी एक शब्द नीट बोलला नव्हता.

पुंडलिकनं तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली. "माझ्याकडं काय बघतीस? मला काय भाकरी थापता येत्यात?"

"अवं पण..."

"पण काय? व्हय म्हण त्यांना. पुन्हा ते बाई म्हणायच्या आत."

ती हो म्हणाली. नंतर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली, तेही त्या पाण्याच्या दिवसांत, आणि कोणी तिला टोकलं नाही.

महिन्याभरानं तिघं गेले. सरोजिनीकाकू निरोपाला आल्या नाहीत. पुंडलिक मुंबईच्या बसपर्यंत सोडायला गेला, संध्याची बॅग वर टाकली आणि बस हलायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागला.

त्यानं कन्नडहून पातेली परत आणली आणि त्याच शेडमध्ये खानावळ उघडली. भाकरीला एक बाई लावली, आमटी तो स्वतः करतो. आमटी कधी खारट, कधी पाणी. पोरं तोंडावर सांगतात, "काका, मावशीला फोन लावा आणि विचारा कशी करायची." तो फोन लावत नाही. तिचाच येतो, दुकान बंद झालं की, आणि तो दूर गल्लीत जाऊन बोलतो. व्हिशाचं विचारलं तर म्हणतो, बघू, धंदा बसू दे.

परवा एक नवा कामगार जेवायला आला, लासूर स्टेशनकडचा. पहिलाच घास घेऊन त्यानं विचारलं, "काका, घरात बाईमाणूस नाय का?"

पुंडलिकनं त्याच्या ताटात आणखी एक पळी आमटी ओतली.

"हाय की. मस्कतला तिचं हॉटेल हाय. मी इथली शाखा बघतो. खा गुमान."