मुंगवड्या आणि सूर्याची कड

आमच्या गच्चीवर ऊन एकच आणि दावेदार दोन. ह्यांना ते मुंगवड्या वाळवायला लागतं, मला सूर्याचे फोटो काढायला. रिटायर झाल्यापासून हे इतक्या मन लावून वड्या घालतात, की आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या बायका माझ्याकडेच संशयाने बघतात.

मी शाळेत फिजिक्स शिकवते. सूर्याच्या कडेवरून ज्वाळा उसळतात, त्यांना आम्ही हौशी लोक प्रॉमिनन्स म्हणतो. त्यांच्यापायी मी खास दुर्बीण घेतली. ती सूर्याचा एक ठरावीक लाल रंग तेवढा आत सोडते, बाकी सगळा उजेड बाहेर. भांडण मात्र पाण्यावरून होतं. सिमेंट तापलं की त्यावरची हवा थरथरते आणि फोटो बिघडतो, म्हणून मी दुर्बिणीभोवती बादलीने पाणी मारते. गच्चीचा उतार नेमका वड्यांकडे.

ह्यांनी त्या दुर्बिणीला कधी डोळा लावला नाही. लहानपणी डावा डोळा मिटून ग्रहण नुसत्या उजव्याने बघितलं आणि त्यात मधोमध कायमचा डाग बसला. तेव्हापासून सूर्याशी संबंध वड्यांपुरताच. मी फोटो दाखवले, की "अच्छा, छान" म्हणून चष्मा पुसायला घ्यायचे. मला राग यायचा. खरं सांगायचं तर वाईट वाटायचं. मला जगात जे सगळ्यात सुंदर वाटतं, ते ह्यांनी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढंच मला हवं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सूर्याच्या कडेवर मोठी कमान दिसली, आणि बघता बघता ती वर उचलली जायला लागली. अशी सुटती ज्वाळा मिळावी म्हणून मी दोन वर्षं वाट बघत होते. कॅमेरा दर दहा सेकंदांनी फोटो घेत होता, नंतर जोडून त्यांची फिल्म करायची होती. उन्हात लॅपटॉपवर काही दिसत नाही, म्हणून तो कुलरच्या खोक्यात ठेवून मी आत डोकं खुपसून बसले होते. बादली कधी कलंडली, कळलंच नाही.

"काहून पाणी सोडून राहिली वड्यांत?" मागून ह्यांचा आवाज.

"अहो, ते राहू द्या. आधी इथे डोकं घाला."

एरवी त्यांनी मला चांगलंच सुनावलं असतं. पण काय वाटलं कोण जाणे, गुडघे धरून वाकले आणि खोक्यात शिरले. बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"हे आत्ताचं आहे?" आतूनच विचारलं.

"आठ मिनिटांपूर्वीचं. उजेडाला इथवर यायला तेवढा वेळ लागतो," मी म्हणाले. मास्तरीणपणा सुटत नाही.

"चलो, कॅमेरा काढ. मला बघू दे."

कॅमेरा काढला, की फिल्म ऐन रंगात तुटणार. मी काढला. बघायचं भिंग लावलं, फिल्टर तीनदा तपासला. मग ह्यांनी डागाचा उजवा डोळा मिटला आणि चांगला डावा पुढे केला.

"फोटोत काळं-पांढरं होतं. हे तर लाल आहे," ते हळूच म्हणाले.

वड्यांखालून पाणी वाहत होतं. मी त्या उचलायला वळले, तर न बघताच माझा हात धरून ठेवला.

माझ्या फिल्ममध्ये मधली अकरा मिनिटं नाहीत. आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर कोणी विचारलं, की मी बिनदिक्कत सांगते, ढग आला होता.