गादीला पाठ

संस्थानाच्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे. दरबारात दोरीपलीकडे राजाची रिकामी गादी, तिच्या मखमलीला कसर लागलेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला मुजरा केला आणि उलट्या पावलांनी दाराकडे निघाले. उंबऱ्याला अडखळले, तसा मी धावत जाऊन हात धरला.

"काका, सरळ चाला की. गादीवर कुणी नाही."

"आमचे वडील इथं वेठीला यायचे. गादीला पाठ दाखवली म्हणून फटके खाल्ले होते त्यांनी."

आवाजात राग नव्हता, अदब होती. तीच मला झोंबली.

कुणी सख्ख्या भावांचे डोळे काढून तख्त मिळवलं, कुणी स्वतःला सूर्याचा वंशज म्हणवून. ते टिकवायची रीत मात्र सगळ्या साम्राज्यांत एकच: माणसाच्या पायांना भीती शिकवायची. राजा मरतो, राज्य जातं, पाय विसरत नाहीत. मुलाच्या पायांनाही ती भीती आयती मिळते.

म्हातारे गेले. त्यांची कीव करत मी गादीकडे एकदा पाहिलं आणि निघालो.

"साहेब, जपून," पहारेकरी ओरडला, "तुमच्या पाठीमागे उंबरा आहे."