मातीच्या बैलावरचा अंगठा
जुन्या ट्रंकेतून परवा फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास आला आणि पुनावळ्याची ती बाई आठवली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात मी एकटा राहून छोटा स्टुडिओ चालवत होतो. एक दिवस ती तिथं आली आणि तिनं पदरातून मातीचा बोटभर बैल काढला. तापानं गेलेल्या तिच्या लेकीनं तो बेंदराच्या सणाला केला होता. आता त्याला भेगा पडत होत्या आणि लेकीचा फोटो तर कधी काढलाच नव्हता. मी कॅमेरा अगदी जवळ नेऊन बैलाचा फोटो काढला. दोन दिवसांनी तो बघून ती हिरमुसली. "तोंड झ्याक आलंय, पन पाठीवर तिचा अंगठा उमटलाय, त्यो कुठं हाय?" इतक्या जवळून शिंगांमागचं सगळं धूसर झालं होतं. मी बैल पुन्हा फळीवर ठेवला आणि भिंगाचं छिद्र होईल तितकं बारीक केलं, म्हणजे मागचंही स्पष्ट येईल. उजेड कमी शिरणार, म्हणून ते बराच वेळ उघडं ठेवायचं होतं. "अजिबात हलू नका, फळी हादरेल," मी म्हणालो. वीस अंक मोजून होईस्तोवर ती तोंडाला पदर लावून श्वास रोखून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी फोटो हातात दिला, तेव्हा शेपटीपर्यंत सगळं स्वच्छ आलं होतं, अंगठ्याच्या रेषांसकट. तिनं त्यावर आपला अंगठा टेकवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. निघताना म्हणाली, "दादा, तुमचं कोन न्हाई का हितं?" मी "कामं पडलीत" असं पुटपुटून आत वळलो. त्या सबंध वर्षात मला असं विचारणारी ती एकटीच, आणि मी तिला साधं 'बसा'सुद्धा म्हणालो नाही, हे आज फार लागतं.