गुडघ्याखालचं टेंगूळ

डिलाईल रोडवर माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. आसपासच्या मैदानांवरून दहा ते चौदा वर्षांची पोरं लंगडत येतात. गुडघ्याखाली टेंगूळ, आणि मागे घाबरलेली आई. "मॅडम, उंची खुंटणार नाही ना?" हा प्रश्न ठरलेला! पोरं महिन्याला जेवढी वाढत नाहीत, तेवढे माझे किस्से वाढतात.

एका कबड्डीपटूला विचारलं, "कधी दुखतं?"

"खेळून थांबलो की."

"मग?"

"म्हणून थांबतच नाही!"

लालबागच्या एका आजींना मी समजावलं, की या वयात हाड झपाट्याने वाढतं, स्नायू मागे पडतो आणि गुडघ्याखाली ओढ बसते. आजी नातवाच्या टेंगळाकडे बघून म्हणाल्या, "अगो बाय, हाड वाढताहा तर हयसर कित्याक? उंचीत वाढांदे मा!"

एकीला सांगितलं, काही दिवस धावणं बंद. आठवड्याने गुडघा तसाच सुजलेला.

"धावलीस ना?"

"नाही मॅडम, शप्पथ! फक्त लंगडी खेळले."

आणि आमची सई. बारा वर्षांची, खो-खोच्या टीममध्ये सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ. आईने ठरवलं होतं, टेंगळामुळे उंची खुंटणार असेल तर खेळ कायमचा बंद. सई रडून रडून लाल झालेली. बाबांनी दोघींना बाहेर बसवलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. दहा बाय दहाची खोली आमची. मी खिडकीपाशी झोपतो. पहाटे ड्युटीला निघताना सईला ओलांडूनच मोरीकडे जावं लागतं. मूल ओलांडलं की उंची खुंटते म्हणतात. पण जागाच नाही हो."

त्यांचे डोळे भरले. माझेही. मी कागदावर गुडघा काढून दाखवला. याचा उंचीशी काही संबंध नाही, वाढ पूर्ण झाली की दुखणंही बहुतेक थांबतं, तोवर थोडा आराम आणि व्यायाम. त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यात सई उड्या मारतच आली. आईने खो-खोला परवानगी दिली होती!

"बाबांना पटलं तर!"

"पटलं ना! आईला चित्र दाखवून त्यांनीच समजावलं. म्हणाले, ओलांडण्याबिलांडण्याने काही होत नाही."

"शाब्बास!"

"मग स्वतःचं अंथरूण उचललं आणि मोरीपाशी नेऊन घातलं. आता तिथेच झोपतात."